कंट्री स्क्वायर घेताना: सनमायका, पाच आकडे आणि मागची सीट

जाहिरात चार ओळींची होती. 1987 ची फोर्ड कंट्री स्क्वायर (बाजूला लाकडी पट्टा असलेली लांब स्टेशन वॅगन), एकाच मालकाची, 62 हजार मैल चाललेली, लाकूड सगळं ओरिजिनल, एसीत फक्त गॅस भरायचा बाकी, पर्फेक्ट फॅमिली कार, किंमत 13,900 डॉलर. आणि खाली, टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये. मित्राने ती मला रात्री साडेअकराला पाठवली आणि लगेच फोन, "अरे जागा आहेस ना, बघितलीस का?" म्हणजे टाइमपास सुरू झालाच होता.

मी न्यू जर्सीत राहतो, नोकरीत पंप आणि व्हॉल्व्ह बघतो, पण ओळखीत कोणाला सेकंडहँड गाडी घ्यायची असली की मला बोलावतात. टॉर्च, एक लोहचुंबक आणि जमिनीवर आडवं पडायला जुनी गोधडी एवढं सामान घेऊन मी जातो, मोबदला म्हणजे एक जेवण. आत्तापर्यंत बघितल्या त्या बहुतेक होंडा नाहीतर टोयोटा, त्यात ठरलेल्या आठ-दहा गोष्टी बघितल्या की हो किंवा नाही सांगता येतं. हे प्रकरण तसं नव्हतं आणि मी स्वतःही दोनदा मत बदललं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मित्र सांगलीचा. लहानपणी घरात स्कूटर होती, पुढे हा उभा, मागे आई आणि तिच्या मांडीवर बहीण, म्हणजे लाकडी पट्ट्याच्या लांबलचक अमेरिकन गाडीशी ह्याचा संबंध केबलवर बघितलेल्या सिनेमांपुरताच. तरी त्याला तीच पाहिजे होती. मी म्हणलं अरे ही आठवण तुझी नाहीये, दुसऱ्याच्या आजोळची आहे, तर म्हणाला असू दे, मुलांची तरी होईल. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ह्यावरच सगळं अडलं.

गाडीबद्दल थोडं सांगतो, नाहीतर लाकडाचा घोळ कळणार नाही. स्टेशन वॅगन म्हणजे मुळात रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि ट्रंका आणायची गाडी, आणि सुरुवातीला तिचं मागचं शरीर सुतारकामाचंच असायचं, कारण थोड्या संख्येत बनणाऱ्या गाडीसाठी पत्रा दाबायचे मोठे साचे (डाय) करणं परवडायचं नाही. फोर्डची तर मिशिगनमध्ये आयर्न माउंटनला स्वतःची जंगलं आणि लाकडाचा कारखाना होता. तिथल्या उरलेल्या लाकडाचा कोळसा करून विकायला लागले तोच पुढे किंग्सफर्ड, जो आज आपण सगळे बार्बेक्यूला वापरतो (कणसं भाजायला एक नंबर). पण लाकडाच्या गाडीला दारं-खिडक्यांसारखं वरचेवर वॉर्निश लागतं, सांधे ढिले होतात, पाणी मुरतं. 1946 मध्ये विलीज ह्या जीपवाल्या कंपनीने पूर्ण पत्र्याची वॅगन काढली आणि गंमत म्हणजे ती लाकडासारखी दिसावी म्हणून तशी रंगवली. कंट्री स्क्वायर 1950 ला आली तेव्हा खरं लाकूड होतं, 1952 पासून शरीर पत्र्याचं झालं आणि लाकूड नुसतं शोभेला उरलं, आणि मग ते पण गेलं, राहिली ती लाकडाच्या चित्राची विनाइल फिल्म. 3एम कंपनीची डाय-नॉक म्हणतात ती. थोडक्यात सनमायका. किचनच्या ट्रॉलीला सागवानी दिसणारा सनमायका लावतो ना, अगदी तसं, फक्त हे ऊन-पाऊस-बर्फ खात रस्त्यावर उभं राहतं.

तर "लाकूड सगळं ओरिजिनल" ह्याचा अर्थ "स्टिकर जवळपास चाळीस वर्षं जुनं आहे" एवढाच. विकणाऱ्याला ती जमेची बाजू वाटते, मला ती खर्चाची.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पेनसिल्व्हेनियात गेलो, दीड-दोन तासांचं ड्रायव्हिंग, वहिनी आणि दोन्ही मुलं पण बरोबर, म्हणजे मित्राने घासाघीस करायच्या आधीच आपली बाजू पाडून ठेवली, मुलं गाडी बघून नाचायला लागली की समोरचा एक डॉलर कमी करत नसतो. विकणारे पन्नाशीतले गृहस्थ, स्वभावाने चांगले, गाडी त्यांच्या वडिलांची, वडील वर्षापूर्वी गेले. गाडी ड्राइव्हवेवर उभी होती आणि खरं सांगतो, फोटोत अर्धी पण कळत नाही. लांबी जवळपास साडेपाच मीटर, सगळं चौकोनी, बॉनेटवर चौघांचं जेवण वाढता येईल. वहिनी सुद्धा "अगं बाई" म्हणाल्या.

मी आधी लाकडाकडेच गेलो. उजवी बाजू बरी होती, तपकिरी रंग, रेषा दिसत होत्या. डावी बाजू पांढुरकी, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी. म्हणजे गाडी वर्षानुवर्षं एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली आणि डावीकडे ऊन होतं. हे वाईट नाही, उलट गाडी एका जागी सुखाने राहिली ह्याचा तो पुरावा. वाईट ते मागच्या चाकाच्या वर होतं. फिल्मला तीन फुगवटे, सर्वात मोठा लिंबाएवढा. फिल्म अशी आपोआप फुगत नाही, खालचा पत्रा गंजून वर आला की फुगते. चुंबक लावलं, फुगवट्यावर धरेना, दोन इंच बाजूला खटकन चिकटलं. इथले लोक हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते चाकाच्या कमानीत साठतं आणि साध्या रंगाच्या गाडीत गंज लवकर दिसतो तरी, हिच्यात सनमायक्याखाली झाकलेला राहतो. लाकडी पट्ट्याची गाडी बघताना हीच मुख्य भानगड आहे. जी बाजू चांगली दिसते तिथेसुद्धा हाताने चाचपूनच बघायचं, डोळ्यांवर जायचं नाही.

फिल्म बदलता येते का? येते. हीट गनने जुनी काढायची, ती अख्खी कधीच निघत नाही, नखाएवढे तुकडे, मग खालचा गोंद काढायचा, मग गंज, मग रंग, मग नवी फिल्म. डाय-नॉक नाव आजही बाजारात आहे पण ते मुख्यतः लिफ्टच्या, हॉटेलच्या भिंतींसाठी, गाडीची त्या काळची नेमकी नक्षी शोधायची म्हणजे वेगळा व्याप. भोवतीची फिक्क्या रंगाची चौकट जुन्या प्लास्टिकसारखी झालेली, काढताना तुटणारच. मित्राने नंतर गाडीवर फिल्म चिकटवणाऱ्या एका रॅपवाल्याला विचारलं, त्याने पत्र्याचं काम सोडून साडेतीन हजार सांगितले.

आता मैल. डॅशबोर्डवर 62 हजार काहीतरी होतं, खरं होतं. पण ओडोमीटरला आकडे पाचच, आणि शेजारी दशांशाचा एक. 99,999 नंतर सगळे शून्य. म्हणजे ती 62 हजार पण असू शकते, 1 लाख 62 हजार पण, आणि तीन वेळा फिरून आली असली तरी काटा तेच दाखवणार. कागदावर ह्याचं उत्तर मिळत नाही, कारण 2010 किंवा त्याआधीच्या मॉडेलला विकताना मैल लिहून द्यायची सक्तीच नाही, टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, नुसतं "एक्झेम्प्ट" (सूट) लिहितात. गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, वडील फक्त चर्चला आणि किराण्याला न्यायचे. मला वाटतं ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं, म्हातारपणीचे वडील आठवत होते, 1987 मध्ये त्यांचे वडील पंचेचाळिशीचे असणार आणि त्या वयाची माणसं किराण्यासाठी आठ सीटची गाडी घेत नाहीत.

ब्रेकच्या पेडलचं रबर नवं होतं. हा शुभशकुन नाही. 62 हजार मैलात ते बदलावं लागत नाही. टाचेखालचा कार्पेट मात्र जुनाच, तिथे वाटीएवढं भोक. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबलेली. तरी हे सगळे अंदाज, मग मी विचारलं की वडिलांची बिलं-बिलं काही आहेत का, तर आतून चपलांचा एक खोका आणला आणि त्यात सोनं होतं. पेनसिल्व्हेनियात गाडीचं दरवर्षी सेफ्टी इन्स्पेक्शन करावं लागतं आणि गॅरेजवाला पावतीवर मैल टाकतो. वडील नीटनेटके होते, वर्षाला एक पावती, रबरबँड लावून. 1993 च्या पावतीवर 88 हजार. 1994 ला 97 हजार. 1995 ला 5 हजार.

तिघंही गप्प. मुलगा (विकणारे) पावती हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, म्हणाले आम्ही दर उन्हाळ्यात फ्लोरिडाला जायचो, मला वाटायचं विमानानेच जायचो. नंतरच्या पावत्यांवर वेग कमी होत गेलेला, शेवटची दहा वर्षं तर वर्षाला हजारभर मैल. म्हणजे 1 लाख 62 हजार, आणि तेही एकदाच फिरलेली, हे शाबित. मला उलट गाडीबद्दल जरा जास्तच विश्वास वाटला, कारण ज्या गाडीचा तीस-पस्तीस वर्षांचा हिशेब खोक्यात आहे ती गाडी कोणीतरी सांभाळलेली आहे. किंमत मात्र त्या 62 वर लावलेली होती, ती आता टिकत नव्हती.

इंजिन 5 लिटरचं व्ही-8, फ्युएल इंजेक्शन, 150 हॉर्सपॉवर. आज चार सिलिंडरची साधी सेडान पण एवढी ताकद देते, पण ही ज्या आवाजात देते तो आवाज वेगळा. पहिल्या चावीत सुरू झालं, धूर नाही. गिअरबॉक्सच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो, कारण ह्या काळातली ह्या प्रकारची वॅगन बघणाऱ्याला ती माहिती पाहिजे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इंजिनवरून एक केबल जाते, किती अ‍ॅक्सिलरेटर दाबलाय ते ती सांगते आणि त्याप्रमाणे आतलं तेलाचं प्रेशर वाढतं. इंजिनच्या बाजूला ती केबल एका लहानशा बुशिंगवर, म्हणजे बारीकशा कडीवर, बसते. इतक्या वर्षांत ते बुशिंग सुकून तुकडे होऊन पडतं, केबल लटकते, प्रेशर वाढत नाही, आतले क्लच घसरतात आणि तसंच चालवत राहिलं तर थोड्याच मैलांत गिअरबॉक्स जळतो. काही डॉलरचं बुशिंग आणि हजारो डॉलरचं नुकसान. हिचं बुशिंग जागेवर होतं पण नखाने दाबल्यावर तडकलं. मी गृहस्थांना सांगितलं, कोणालाही विका पण हे बदलल्याशिवाय टेस्ट ड्राइव्ह देऊ नका, आणि आम्ही पण त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंतच नेली.

एसीत फक्त गॅस भरायचा, हे जगातलं सर्वात जुनं वाक्य आहे. गॅस गेला म्हणजे कुठूनतरी गेला. शिवाय ही आर-12 वाली, तो गॅस अमेरिकेत बनवणं 1995 च्या शेवटी बंद झालं, जुना साठा मिळतो पण महाग, नाहीतर सगळं आर-134ए वर बदलायचं. टायरची नक्षी नवीकोरी, पण बाजूला डॉटच्या (अमेरिकन परिवहन खात्याच्या) नंबरात शेवटचे चार आकडे 2311, म्हणजे 2011 च्या तेविसाव्या आठवड्यातले. फेकायचे.

मागचं दार हा ह्या गाडीचा खरा दागिना. फोर्डने 1966 च्या मॉडेलपासून हे दार दोन प्रकारे उघडायची सोय केली, ट्रकच्या फळीसारखं खाली पाडायचं किंवा घराच्या दारासारखं बाजूला उघडायचं, आणि नंतर 1969 ला काच वर असतानाही बाजूला उघडेल असं केलं. खाली पाडायचं तर आधी काच आत उतरवावी लागते, म्हणून काचेची मोटर बंद तर अर्धं दार बंद. हिची मोटर कण्हत होती पण चालत होती. मुलांनी दार चार-पाच वेळा दोन्ही बाजूंनी उघडलं. एक सूचना, मागची काच उघडी ठेवून ह्या गाड्या चालवायच्या नाहीत, चौकोनी पाठीमागे हवेचा भोवरा होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो.

आत सामानाच्या जागेत फरशीखालून दोन लहान सीट निघतात, समोरासमोर, आपल्याकडच्या जीपमध्ये मागे असायच्या ना आडव्या, तशाच. मुलं तिथे बसली आणि उठेचनात. मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता, त्याला हेच पाहिजे होतं, ह्याच चित्रासाठी तो दोन तास गाडी चालवून आला होता.

आणि तिथे वहिनींनी विचारलं, "भावजी, बूस्टर कुठे लावायचा?" बूस्टर म्हणजे लहान मुलांना उंच बसवायची जादा सीट.

मी, जो चुंबक घेऊन फिरतो, केबलचं बुशिंग नखाने दाबून बघतो, तो हे बघायचं विसरलो होतो. मागच्या त्या आडव्या सीटला नुसता कमरेचा पट्टा, आणि आडव्या सीटवर चाइल्ड सीट किंवा बूस्टर लावायचाच नसतो. बरं, मग मधल्या रांगेत? तिथेही कमरेचाच पट्टा. मागच्या सीटच्या दोन्ही कडांना खांद्याचा पट्टा देणं अमेरिकेत कंपल्सरी झालं ते डिसेंबर 1989 पासून बनलेल्या गाड्यांना, ही त्याच्या आधीची. बूस्टरचं सगळं कामच मुळी खांद्याचा पट्टा नीट जागेवर आणणं, खांद्याचा पट्टाच नाही तर बूस्टरला अर्थ नाही. आणि न्यू जर्सीत आठ वर्षांखालचं आणि 57 इंचांपेक्षा बुटकं मूल बूस्टर किंवा चाइल्ड सीटशिवाय न्यायचं नाही. धाकटी सहा वर्षांची, थोरला नऊचा. म्हणजे पर्फेक्ट फॅमिली कार, फक्त फॅमिली बसू शकत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फार बोललं नाही. मी माझं मत सांगितलं की सोड, घ्यायचीच तर 1990 किंवा 91 ची शोध, शेवटची दोन वर्षं, त्यात मागे खांद्याचे पट्टे आहेत. 1991 नंतर कंट्री स्क्वायर बंदच झाली. कारणं सगळ्यांना माहितीच आहेत, क्रायस्लरची मिनीव्हॅन 1984 च्या मॉडेलला आली, ती सरकारी मायलेजच्या नियमात हलका ट्रक म्हणून मोजली जायची आणि ट्रकचे नियम सैल, तर वॅगन मात्र कार म्हणून मोजायची. आणि नेमक्या 1991 च्याच मॉडेलला फोर्डची एक्सप्लोरर ही एसयूव्ही आली. म्हणजे ज्या गाडीने ह्या वॅगनचं पोट मारलं त्याच जातीची मिनीव्हॅन आम्ही तेव्हा चालवत होतो, मागे दोन्ही मुलं खांद्याच्या पट्ट्यात झोपलेली.

दुसऱ्या दिवशी माझंच मत बदललं. मी हिशेब मांडत होतो, 13,900 मधून काय काय वजा करायचं, टायर सहाशे, एसी हजार-बाराशे, गंज आणि लाकूड मिळून पाचेक हजार, आणि मैलांचे वेगळे, आणि लक्षात आलं की उरते ती किंमत एका चांगल्या चालणाऱ्या, हिशेब असलेल्या व्ही-8 वॅगनसाठी वाईट नाही, प्रश्न फक्त ती कशासाठी घ्यायची हा आहे. रोजच्या वापराला म्हणून घेतली तर मूर्खपणा. न्यू जर्सीत 25 वर्षांवरच्या गाडीला हिस्टॉरिक नंबरप्लेट मिळते, पण ती प्रदर्शनासाठी वगैरे, भाजी आणायला नाही. क्लासिकचा इन्शुरन्स घेतला तर किंमत आधीच ठरवून घेता येते, बदल्यात बंद गॅरेज आणि रोजची दुसरी गाडी दाखवावी लागते. मित्राकडे दोन्ही होतं. मी म्हणलं सात हजाराची ऑफर दे, हिशेब लिहून दे, खोक्यातल्या पावत्यांसकट मागून घे.

गृहस्थ नाही म्हणाले, सभ्यपणे. तीन आठवडे शांतता. मग त्यांचाच फोन. दुसऱ्या एकाने पूर्ण पैसे द्यायची तयारी दाखवली होती पण टायटल बघून पळाला, कारण टायटल अजून वडिलांच्या नावावर होतं. हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही, ही माझी दुसरी चूक. तिथे मेलेल्या माणसाची गाडी विकायची तर सहसा काउंटीच्या रजिस्टर ऑफ विल्सकडून (मृत्युपत्रांचं सरकारी ऑफिस) एक्झिक्युटरचं, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याचं, पत्र लागतं, आणि मृत्युपत्रात एक्झिक्युटर हे नव्हते, धाकटा भाऊ होता, आणि धाकट्या भावाला गाडी विकायचीच नव्हती. तो म्हणे लहानपणी त्याच मागच्या आडव्या सीटवर बसायचा. भावाभावांचं काय बोलणं झालं माहिती नाही. शेवटी धाकटा स्वतः नोटरीसमोर सही करायला आला, कारण पेनसिल्व्हेनियात टायटलवरची सही नोटरी लागते, आणि त्याने एकच अट घातली की मागच्या सीट काढून टाकायच्या नाहीत. मित्राने आठ हजार दिले. वर न्यू जर्सीचा 6.625 टक्के सेल्स टॅक्स.

बुशिंग मी स्वतः बदललं, वीस मिनिटांचं काम. चाकावरचा गंज कापून पत्रा लावला, त्यावरचं लाकूड अजून नाही, तिथे तेवढा एक राखाडी प्रायमरचा ठिगळ आहे. एसी बंदच आहे. पावत्यांचा खोका ग्लव्ह बॉक्समध्ये मावत नाही म्हणून पुढच्या सीटखाली असतो.

परवा गाड्यांच्या एका प्रदर्शनाला सगळे निघाले तेव्हा मी पण गेलो होतो. पुढे कंट्री स्क्वायर, त्यात मित्र एकटा, हात खिडकीबाहेर. मागे मिनीव्हॅन, ती वहिनी चालवतायत, मागे दोन्ही मुलं बूस्टरमध्ये, आणि धाकटी दर सिग्नलला विचारतेय की बाबांच्या गाडीत बसायला अजून किती इंच राहिले.